निरंक

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी मुलांच्या एका बालगृहात गेले होते. तिथे अधीक्षकांच्या खोलीबाहेर भिंतीवर एक सागवानी सूचनापेटी लावलेली होती. तिला पितळी कुलूप होते, वर सुबक अक्षरांत ‘बालकांच्या सूचना’ असे रंगवलेले होते आणि शेजारच्या टेबलावर तिची स्वतंत्र नोंदवही होती. नोंदवहीत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारची एकच ओळ असे : ‘पेटी उघडली. सूचना निरंक.’ अशा सलग २२ ओळी मी मोजल्या. शाई बदलत गेली होती, अक्षर मात्र एकाच हाताचे होते. ज्या घरात साठ मुले राहतात, जेवतात, भांडतात आणि आजारी पडतात, तिथे २२ महिन्यांत एकालाही काही सुचवावेसे वाटले नाही, हे मला पटणे शक्य नव्हते. परंतु माझ्या हातातल्या तपासणीच्या नमुन्यात ‘सूचनापेटी आहे काय?’ एवढाच प्रश्न होता आणि त्याचे खरे उत्तर ‘होय’ असेच होते. मी ‘होय’ लिहिले, चहा घेतला आणि परत आले.

तो ‘होय’ मला पुढे फार वर्षे टोचत राहिला. २००८ साली समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण संपवून मी या क्षेत्रात आले. पहिली काही वर्षे मुलांच्या गृहभेटी आणि सामाजिक तपासणी अहवाल लिहिण्यात गेली. त्यानंतर बालगृहे आणि युवकांसाठी केंद्रे चालवणाऱ्या एका संस्थेने ‘गुणवत्ता सुधार’ नावाचे नवे पद काढले आणि त्या खुर्चीवर मला बसवले. त्या पदाचा अर्थ संस्थेतही फारसा कोणाला ठाऊक नव्हता, तर नातेवाइकांना तो कसा कळावा? ‘क्वालिटी’मध्ये आहे म्हटल्यावर माझ्या आत्याने मी कोणत्या कंपनीत लागले आणि कॅन्टीन मोफत आहे का, एवढेच विचारले होते.

आत्याचा गैरसमज अगदीच अनाठायी नव्हता, कारण या कामाची पहिली शिकवणी मला कारखान्यातल्या माणसाकडूनच मिळाली. माझे वडील भोसरीच्या एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये होते आणि त्यांच्या कारखान्यात क्वालिटी सर्कल चालत असे. शनिवारी पाळी संपल्यावर सहा-सात कामगार एकत्र बसून त्या आठवड्यातले रिजेक्शन टेबलावर मांडत आणि ‘हे का झाले?’ असे एकामागून एक पाच वेळा विचारत. बाबा सांगत की ज्या सुपरवायझरला राग लवकर येई, त्याच्या शॉपमध्ये रिजेक्शन कमी दिसे. कारण बाद झालेला माल डब्यात न पडता कामगारांच्या लॉकरमागे जाई. हे ते हसत हसत सांगत असत. मी मात्र बालगृहांच्या नोंदवह्या वाचू लागल्यावर मला जागोजागी ते लॉकर दिसू लागले.

आता कागदाबद्दल, कारण कागदाला कमी लेखणारी मी नाही. मुलांच्या संस्थांमध्ये किमान काय असावे, हे आपल्याकडे लिहून ठेवण्यासाठी फार काळ जावा लागला आहे. मुंबई इलाख्यात १९२४ साली बालकांचा कायदा झाला आणि त्यानंतर १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे निरीक्षणगृह मुंबईकरांना आजही ठाऊक असते ते त्या परंपरेतले. त्यानंतर १९८६, २००० आणि २०१५ असे बाल न्यायाचे तीन केंद्रीय कायदे झाले. शेवटचा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी केंद्राने आदर्श नियम काढले. या नियमांमध्ये झोपण्याच्या दालनात दर मुलामागे ४० चौरस फूट जागा, सात मुलांमागे एक संडास, दहा मुलांमागे एक न्हाणीघर, रोजच्या आहारात दरडोई ६०० ग्रॅम धान्य व १६ वर्षांवरील मुलांना ७०० ग्रॅम, अशी बारीकसारीक मापे दिलेली आहेत. सहा ते दहा, अकरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा अशा तीन वयोगटांच्या स्वतंत्र बालसमित्या असाव्यात, असेही त्यांत आहे. सूचनापेटीविषयी तर नियम आश्चर्य वाटावे इतका शहाणा आहे : पेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ असावी, तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी आणि ती दर आठवड्याला बालसमितीच्या सदस्यांसमक्ष उघडावी. हा नियम लिहिणाऱ्याने माझी ती सागवानी पेटी कुठेतरी पाहिली असणार, असे मला तो वाचताना वाटले होते.

मात्र माप लिहिले की ते मोजायला माणूस येतो आणि माणूस येणार हे कळले की घर त्या दिवसापुरते बदलते. ज्यांनी तपासण्या केल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. फाटकातून आत शिरताच फिनेलचा वास येतो, पलंगांवरच्या चादरींवर घडीच्या रेघा ताज्या असतात आणि पोरे ठेवणीतल्या सुरात ‘न-म-स्ते’ म्हणत उभी राहतात. कायद्याने जिल्ह्याच्या तपासणी समितीला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट देणे बंधनकारक केले आहे. भेट देणाऱ्या पथकात किमान तीन सदस्य असावे लागतात आणि त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असलेच पाहिजेत. ही तरतूद चांगलीच आहे. परंतु वर्षातून चार वेळा चादरी बदलल्या जातात, एवढेच तिचे फळ मी काही ठिकाणी पाहिले आहे. तपासणी म्हणजे नियम पाळला की नाही हे पाहणे. गुणवत्ता सुधार म्हणजे नियम ज्याच्यासाठी केला त्या मुलाच्या दिवसात काही हलले की नाही हे पाहणे, आणि हलले नसल्यास तिथल्याच माणसांना बरोबर घेऊन पुन्हा प्रयत्न करणे. हा फरक मला पहिल्यांदा नीट कळला तो पळून गेलेल्या मुलांच्या निमित्ताने, म्हणून तो प्रसंग जरा सविस्तर सांगते.

आमच्या संस्थेच्या एका बालगृहात ‘पलायन’ हे मोठे दुखणे होते. मूल पळाले की पोलिसांत कळवा, बाल कल्याण समितीला अहवाल द्या, काळजीवाहकाला नोटीस काढा, असा क्रम ठरलेला होता. कुंपणाची भिंत दोनदा वाढवून झाली होती आणि तिच्यावर काचाही लावून झाल्या होत्या. मी एवढेच केले की मागच्या सव्वा वर्षातल्या पलायनाच्या सगळ्या नोंदी एका तपकिरी कागदावर वार आणि वेळ यांप्रमाणे मांडल्या. अर्ध्याहून अधिक नोंदी रविवार संध्याकाळ ते सोमवार पहाट या पट्ट्यात आल्या. तो कागद मी अधीक्षकांना न दाखवता आधी काळजीवाहक, स्वयंपाकीणबाई आणि रात्रीचा पहारेकरी यांच्यासमोर पसरला. ‘असे का होत असेल?’ एवढाच प्रश्न केल्यावर पहिली दहा मिनिटे कोणी बोलेना, कारण त्यांच्या अनुभवात प्रश्नानंतर नोटीसच येत असे. शेवटी स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, “रविवारी पालक येतात ना, ताई.” म्हणजे ज्यांचे पालक येतात ती मुले रडून त्यांच्या मागे जातात का, असे मी विचारले, तर त्यांनी मान हलवली. “ती नाही जात. ज्यांचं कुणी येत नाही, ती जातात.”

हे त्यांना वर्षानुवर्षे ठाऊक होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

मग एकेक धागा सुटत गेला. कोणाची तरी वाट पाहणारी मुले सकाळपासून पायरीवर बसत, पाच वाजता फाटक बंद होई, कोणी आलेले नसे, आणि नेमक्या त्याच वेळी इमारतीत सर्वांत कमी माणसे असत, कारण काळजीवाहकांची साप्ताहिक सुटी रविवारी होती. आम्ही तीन बदल तीन महिन्यांपुरते करून पाहायचे ठरवले. सुट्या बुधवारी नेल्या. शनिवारी दुपारी पालकांना फोन करून कोण येणार आणि कोण नाही हे विचारून ते मुलांना त्याच रात्री खरेखरे सांगायला सुरुवात केली. आणि रविवारी चार वाजता आवाराबाहेरच्या मैदानावर क्रिकेट ठेवले. या शेवटच्या बदलाला व्यवस्थापन समितीत बराच विरोध झाला, कारण पळणाऱ्या मुलांना फाटकाबाहेर नेणे हे कोणालाही वेडेपणाचेच वाटले असते. पलायने कमी झाली, पण थांबली नाहीत. सहाव्या रविवारी तर एक मुलगा थेट मैदानातूनच पळाला आणि क्रिकेट बंद करा असा ठराव जवळजवळ झालाच होता.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी दौंड स्थानकावर सापडला. त्याला रागावण्याऐवजी कुठे निघाला होता हे विचारायचे, असे आम्ही आधीच ठरवले होते. तो बहिणीकडे निघाला होता. मुलांची आणि मुलींची गृहे वेगळी असल्यामुळे भाऊ एका गावात व बहीण दुसऱ्या जिल्ह्यात, असे आपल्याकडे सर्रास होते. दोघांच्याही फायलींमध्ये ‘भावंड : एक’ असे लिहिलेले असते आणि त्या दोन फायली कधीही एकमेकींना भेटत नाहीत. त्यानंतर आम्ही संस्थेच्या सर्व गृहांतील भावंडांची यादी केली आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट व दर आठवड्याला एक फोन, हे अधीक्षकांच्या मर्जीवर न ठेवता वेळापत्रकात घातले. माझ्या सगळ्या कारकिर्दीत एकच काम अभिमानाने सांगायचे झाले तर मी हे सांगेन, आणि ते सुचवणाऱ्याच्या जागी त्या पळालेल्या मुलाचे नाव लिहायला हवे होते, हेही सांगेन.

पुढचा प्रसंग तितका सुखद नाही. घडलेल्या लहानमोठ्या घटना, म्हणजे मारामारी, दुखापत, रात्रीची भीती, चोरी, न घेतलेली औषधे, या सर्व त्याच दिवशी नोंदवायच्या आणि नोंद करणाऱ्याला त्या नोंदीवरून शिक्षा होणार नाही, असा नियम आम्ही एका गृहात सुरू केला. वर्षभरात नोंदींची संख्या कितीतरी पट वाढली. माझ्या मते ते त्या वर्षातले सर्वांत मोठे यश होते. निधी देणाऱ्यांच्या वार्षिक बैठकीत मात्र तो आलेख पडद्यावर आला तेव्हा वर जाणारी रेघ पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले आणि सर्वाधिक प्रामाणिक नोंदी करणाऱ्या अधीक्षक मॅडमना ‘तुमच्याकडे परिस्थिती हाताबाहेर जाते आहे का?’ असे सर्वांसमोर विचारले गेले. दुसऱ्या एका गृहाचे कौतुक झाले, कारण तिथे घटना निरंक होत्या. मी उठून बोलले, पण उशिरा बोलले आणि पुरेसे बोलले नाही. आलेख दाखवण्याआधी तो कसा वाचायचा हे समजावून सांगणे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते. पुढच्या तिमाहीत त्या मॅडमच्या नोंदी निम्म्यावर आल्या. त्याचे कारण मी त्यांना विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

गुणवत्तेच्या शास्त्रातले एक मोठे नाव म्हणजे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग. १९५० साली जपानमध्ये दिलेल्या व्याख्यानांमुळे ते प्रसिद्धीस आले. आपल्या शिबिरांमध्ये ते मण्यांचा एक खेळ करीत. एका भांड्यात पांढरे मणी आणि त्यांत साधारण दर पाचांत एक तांबडा मणी मिसळलेला असे. ‘कामगारां’नी खाचा असलेल्या पळीने मणी काढायचे आणि तांबडा मणी म्हणजे दोष असे मानायचे. ज्याच्या पळीत तांबडे कमी आले त्याला ते शाबासकी देत, ज्याच्या पळीत जास्त आले त्याला फैलावर घेत, आणि भांड्यात तांबडे मणी मालकानेच घातलेले आहेत हे प्रेक्षकांना हळूहळू उमगत जाई. संस्थेतून भीती घालवा, हे त्यांच्या चौदा सूत्रांपैकी एक होते. बालगृहांसाठी मी त्यांचे एकच सूत्र उचलायचे ठरवले तर हेच उचलेन.

परंतु इथे एक मर्यादा काटेकोरपणे सांगितली पाहिजे, कारण कारखान्याची भाषा जशीच्या तशी उचलणाऱ्यांनी या जागी घोटाळा केलेला मी पाहिला आहे. मुलाला मारणे किंवा त्याचे लैंगिक शोषण होणे हा ‘प्रक्रियेतला दोष’ नव्हे, तो गुन्हा आहे. बालगृहात शारीरिक शिक्षा करणाऱ्याला २०१५ च्या कायद्यात पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड व पुन्हा घडल्यास कैदेची तरतूद आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली तर अशा अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि ती दडवणे हाच गुन्हा आहे. तिथे तपकिरी कागद पसरून ‘का झाले असेल?’ विचारत बसायचे नसते. शिक्षा नको हा नियम ज्याने घडलेली गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली त्याच्यासाठी आहे. ज्याने मुलाला इजा केली त्याच्यासाठी तो कधीच नव्हता. ही रेघ पहिल्याच प्रशिक्षणात, सर्वांसमोर, फळ्यावर काढावी लागते.

नोंदी निरंक असणे किती भयंकर असू शकते याचे या देशातले उदाहरण मुझफ्फरपूरचे आहे. अनाथालयांतील मुलांच्या शोषणाविषयीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये सर्व संस्थांची नोंदणी, प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना आणि तपासणी समित्या यांबाबत सविस्तर निर्देश दिले होते. त्याच सुमारास बिहार सरकारने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या प्रकल्पाकडे राज्यातील ११० संस्थांच्या सामाजिक लेखापरीक्षणाचे काम सोपवले. २०१८ साली त्या अहवालातून मुझफ्फरपूरच्या मुलींच्या गृहातील लैंगिक अत्याचार उघडकीस आले आणि २०२० साली दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीसह अनेकांना शिक्षा सुनावल्या. ते गृह लपूनछपून चाललेले नव्हते. ते सरकारी अनुदानावर चालत होते, म्हणजेच त्याची कागदपत्रे कोठेतरी नियमितपणे जात होती आणि ‘ठीक’ ठरत होती. लेखापरीक्षण करणारे मुलींशी बोलले. हा अहवाल मी जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा मला माझा ‘होय’ आठवतो, आणि मी चहा घेऊन परत आलेली ती पेटी कसल्या घरातली होती, तिथे त्या २२ महिन्यांत काय चालले होते, हे मला आता कधीच कळणार नाही.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचा प्रश्न वेगळाच आहे, आणि युवकांच्या संस्थांमध्ये गुणवत्तेची खरी कसोटी तिथे लागते असे माझे मत झाले आहे. कायद्याने १८ ते २१ या वयातील युवकांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय सांगितली आहे आणि आपल्या राज्यात अनुरक्षणगृहेही आहेत. तरीही बऱ्याच मुलांच्या फायलीवरचा शेवटचा शेरा ‘वय पूर्ण, मुक्त’ एवढाच असतो. ‘मुक्त’ हा शब्द मला नेहमी क्रूर वाटत आला आहे. त्या दिवशी मुलाच्या हातात एक पिशवी, दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि पुष्कळदा अपुरी कागदपत्रे असतात. बँकेतले खाते अधीक्षकांच्या संयुक्त नावाने काढलेले असते आणि त्या अधीक्षकांची तीन वर्षांपूर्वीच बदली झालेली असते. आधार कार्डावरचा पत्ता ज्या बालगृहाचा असतो, तिथे आता त्याला राहता येत नाही. २०१८ साली राज्य सरकारने अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले, ते फार मोठे पाऊल होते. परंतु त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र मिळवण्याची धडपड ‘मुक्त’ झाल्यावर सुरू केली तर दोन भरत्या निघून जातात.

म्हणून आम्ही सोळाव्या वाढदिवसापासून कागदपत्रांची यादी सुरू केली आणि गृहाचे मूल्यमापन करताना मूल बाहेर पडल्यानंतर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी ते कुठे राहते, काय कमावते आणि अडचणीत कोणाला फोन करते, हे विचारायचे ठरवले. तिसरा प्रश्न मी हट्टाने घातला होता. पहिल्या वर्षी मुलांचे फोनच लागत नसत. सिम बदललेली असत आणि ती मुले कुठे गेली हे मित्रांच्या मित्रांकडून शोधावे लागे. अहवालाचा एक रकाना भरण्यासाठी केवढा हा खटाटोप, अशी कुरकूर कार्यालयात होती. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. हॉटेलांत, मॉलमध्ये, बांधकामावर काम करणारी आमची पोरे एका रात्रीत बेकार झाली. बऱ्याच जणांना कामाच्याच जागी झोपायची सोय असल्यामुळे ती बेघरही झाली, आणि बाकीचे लोक गावाकडे चालत निघाले तेव्हा यांना चालत जायला गावच नव्हते. तो रकाना त्या आठवड्यात उपयोगी पडला. आम्ही पाच जणांनी यादी वाटून घेतली आणि फोन करत सुटलो.

‘या क्षेत्रात करिअर आहे का?’ असे समाजकार्याचे विद्यार्थी मला विचारतात, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. आहे, पण सरळ शिडी नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षांमधली बरीच पदे कंत्राटी आहेत आणि मानधन वेळेवर मिळेलच असे नाही. स्वयंसेवी संस्थांमध्ये पगार माफक असतात. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे कायद्याने आवश्यक झाले, तेव्हापासून ‘मॉनिटरिंग’ आणि ‘इम्पॅक्ट’ अशा नावांच्या नोकऱ्या वाढल्या आणि त्यांत पैसे बरे आहेत. मात्र देणगीदाराला आकडा पुरवणे आणि मुलाचा दिवस बदलणे ही दोन कामे आहेत. दोन्ही एकाच माणसाकडे आली की दुसरे मागे पडते, हे माझ्या बाबतीतही घडले आहे. तुम्हाला एक्सेल उत्तम यावे, कायदा मुळातून वाचलेला असावा आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून वाटाणे सोलता सोलता गप्पा मारता याव्यात. यातली तिसरी गोष्ट पदवीत शिकवत नाहीत.

शिवाय या कामात एक अंगभूत पेच आहे, तो आधीच माहीत असलेला बरा. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे कायद्याचेच तत्त्व आहे. मिशन वात्सल्य योजनेत मुलाला कुटुंबातच ठेवण्यासाठी दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व आहे, तर संस्थेतील मुलामागे निर्वाहासाठी दरमहा ३,००० रुपये मिळतात. म्हणजे चांगले काम झाले तर खाटा रिकाम्या व्हाव्यात, आणि खाटा रिकाम्या झाल्या की दरडोई अनुदानावर चालणाऱ्या घराचे वीजबिल भरणे अवघड होते. ‘आमच्याकडे मुले कमी झाली’ हे सांगताना एका संस्थाचालकांचा आवाज असा पडला होता की अभिनंदन करावे की सांत्वन, हे मला कळेना.

अलीकडे मी नोकरी सोडून प्रशिक्षणे घेते. नव्या लोकांना मी एकच गृहपाठ देते : नोंदवह्या उघडण्याआधी एक रात्र त्या घरात काढायची आणि सकाळी एक पान लिहायचे. मागच्या पावसाळ्यात एका नवख्या कार्यकर्त्याने लिहिलेल्या पानाची सुरुवात अशी होती की संडासाकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा लागत नाही, त्यामुळे रात्री लहान मुले एकटी जात नाहीत, मोठ्या मुलांना उठवतात. आणि त्याच्या मोबदल्यात मोठी मुले त्यांची दुसऱ्या दिवशीची अंडी घेतात. हे त्याला एका नऊ वर्षांच्या मुलाने रात्री दोन वाजता, व्हरांड्यात उभे राहून, अगदी सहज सांगितले होते; दर किती अंड्यांचा आहे आणि पाऊस असला की तो कसा वाढतो, यांसह.

अधीक्षक सरांनी ते पान दोनदा वाचले आणि त्याच दिवशी दुपारी स्वतः स्टुलावर चढून बल्ब बसवला. मी नंतर तपासणीचे जुने नमुने काढून पाहिले. ‘स्वच्छतागृहाकडे प्रकाशाची सोय’ या ओळीसमोर मागच्या चारही वेळी ‘आहे’ असे लिहिलेले होते. आताही तिथे ‘आहे’ असेच लिहिलेले आहे.